हदगावची थंडी आणि पत्र्याचे घर

नांदेडहून अर्धापूर, वारंगा फाटा करीत आम्ही हदगावला उतरलो, तेव्हा डिसेंबरातली संध्याकाळ झाली होती. कचेरीला दोन दिवस सुट्टी होती आणि तालुक्यातल्या एका वस्तीत घरकुलाचे अर्ज भरून द्यायचे होते. मुक्काम एका पत्र्याच्या घरात पडला.

मराठवाडा म्हणजे ऊन, असे लोक समजतात. पण त्या रात्री दोन गोधड्या घेऊनही आमचा डोळा लागेना. पहाटे पत्र्याला आतून सुटलेले पाणी अंगावर टपकले. लेकरू खोकत होते. आजींनी पेटती शेगडी आत ओढली आणि दार लावू लागल्या, तेव्हा आम्ही त्यांना थांबवले. कोंडलेल्या खोलीत कोळशाचा विषारी वायू वासाने कळत नाही; झोपेतच माणूस जातो.

सकाळी उन्हात बसून आजी म्हणाल्या, "दादा, आमचं जुनं माळवद थंडीत उबदार अन् उन्हाळ्यात गार राहायचं बघा."

खरे आहे. जाड मातीची भिंत दिवसभर ऊन पिते आणि रात्री हळूहळू सोडते. पत्रा लवकर तापतो, लवकर निवतो. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात जड दगडमातीच्या घरांनी झोपेतली हजारो माणसे गाडली, हेही विसरता येत नाही. मग ऊब आणि सुरक्षितता एकत्र कशी आणायची?

लडाखमध्ये पाणी गोठवणारी थंडी असते. तिथे लेहजवळ फे गावी 'सेकमोल' (स्थापना १९८८) या संस्थेने मातीच्या इमारती दक्षिणेकडे तोंड करून बांधल्या. दिवसा ऊन आत घ्यायचे, रात्री कोंडून ठेवायचे, एवढेच त्यांचे शास्त्र.

ते आपल्यालाही जमेल. प्रधानमंत्री आवास योजनेतले ग्रामीण घर किमान २५ चौरस मीटरचे. पैसा मोजकाच, पण खिडकी कुठे ठेवायची हे आपल्या हाती आहे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कललेला असतो, म्हणून मोठी खिडकी दक्षिणेला ठेवावी. उन्हाळ्यात तो डोक्यावर येतो. तेव्हा छोटा छज्जा पुरतो. पत्रा असेल तर त्याखाली बांबूच्या तट्ट्यांचे छत घालावे. मधली हवा ऊब धरते. बांधकाम मात्र पक्क्या बांधणीचेच हवे.

निघताना आजींच्या अर्जामागे आम्ही खिडकीची जागा पेन्सिलने काढून दिली. बांधवांनो, पाया खोदण्याआधी एकदा सूर्य कुठून येतो ते पाहा. त्याला पैसे पडत नाहीत.