सरी की वरंबा

आईच्या टाचेला कॅन्सर झाल्याचं कळल्यावर भेटायला येणाऱ्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच, ‘कशानं झालं?’ उत्तरही ज्यानं-त्यानं बरोबरच आणलेलं असायचं. थोरल्या मावशीच्या मते पाचटातून अनवाणी फिरल्यानं. शेजारच्या काकूंच्या मते बाभळीचा काटा आत मोडून राहिला होता. चुलत्यांनी मशेरीवर बोट ठेवलं. आई वर्षानुवर्षं मशेरी लावत आलेली, त्यामुळे ते सगळ्यांना पटलं, आणि ती बिचारी पाहुणे आले की खालमानेनं बसायला लागली. मला त्या प्रश्नाचाच राग यायचा. विचारणाऱ्याला बहुतेक वेळा आजाराची माहिती नको असते, आपल्याला तो होणार नाही एवढी खात्री हवी असते.

डाग टाचेच्या आतल्या कडेला होता. चपटा, वालाच्या दाण्याहून मोठा, एकीकडे काळाकुट्ट, मध्ये तपकिरी आणि एका बाजूला निळसर राखाडी. दुखत नव्हता, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. मामा म्हणाला, “कुरूपच हाय ते,” आणि मेडिकलमधून कॉर्न कॅप आणून दिल्या. औषधानं वरची कातडी पांढरी पडून सोलून निघायची, खालचा काळा रंग जागच्या जागी. पुढं त्यातून रक्त यायला लागलं, तेव्हा कुठं आम्ही त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टरीणबाईंनी कातडीला टेकवायचं एक दिव्याचं भिंग काढलं, त्याला मोबाइल जोडला आणि टाच आम्हाला पडद्यावर मोठी करून दाखवली. तळव्याच्या कातडीला शेतासारख्या सऱ्या आणि वरंबे असतात. साधा तीळ असेल तर रंग बहुतेक सरीत धरतो. मेलानोमाचा, म्हणजे त्वचेच्या या कॅन्सरचा, रंग वरंब्यांवरून पट्ट्यापट्ट्यांनी पसरतो. आईनं जन्मभर उसाच्या लागणी केलेल्या. तिनं पडद्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, “हे तर वरंब्यावरच आलंय की ओ, बाई.” डॉक्टरांनी बायोप्सी लिहून दिली.

रिपोर्ट आला त्या रात्री ब्रिस्बेनहून धाकट्या भावाचा व्हिडिओ कॉल आला. त्याचा पहिला शब्द ‘ऊन’. त्याचंही बरोबर होतं. ऑस्ट्रेलियात मेलानोमाचं प्रमाण जगात सगळ्यात जास्त असणाऱ्यांत मोडतं. गोरी कातडी, लहानपणी फोड येईपर्यंत भाजलेलं अंग, अंगभर तीळ, घरात आधी कुणाला झालेला असणं, ही तिथली नेहमीची कारणं. त्याच्या मुलांच्या शाळेत टोपी नसेल तर मैदानावर सोडत नाहीत, आणि हवामानाच्या अंदाजात पावसाइतकाच अतिनील किरणांचा आकडा महत्त्वाचा. कातडी रापवून घ्यायची जी यंत्रं पार्लरमध्ये असायची, ती जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २००९ साली तंबाखूच्याच गटात टाकली. आपल्याकडे गोरं करणाऱ्या क्रीमवर पैसे जातात, तिकडे सावळं व्हायला लोक पैसे मोजत होते, दोन्ही खुळंच.

पण टाचेच्या तळाला ऊन लागतं कुठं? हेच मी कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, “हा वेगळाच प्रकार आहे.” त्वचेला रंग देणाऱ्या पेशींतूनच हाही निघतो, पण तळपाय, तळहात आणि नखाखाली. आपल्या सावळ्या कातडीला उन्हापासून बरंच संरक्षण असतं, त्यामुळे उन्हाचा मेलानोमा आपल्याकडे फार कमी, आणि जो होतो त्यात या प्रकाराचा वाटा मोठा. काट्याचं विचारलं, तर ते म्हणाले की जखमेमुळे होतो असं ठामपणे सांगता येत नाही. काटा लागला म्हणून माणूस पाय बघतो, आणि बघितला म्हणून डाग दिसतो. मात्र जपानी डॉक्टरांनी २०१६ साली तळव्यावरच्या गाठींचा नकाशा काढला, तेव्हा जिथं शरीराचा भार पडतो तिथं त्या जास्त सापडल्या होत्या. दाबाचा संशय आहे तो तिथून. गायक बॉब मार्लेच्या पायाच्या अंगठ्याचा असाच मेलानोमा १९७७ साली सापडला, आणि कित्येक जण अजून ते फुटबॉलमध्ये लागल्याचं समजतात. १९८१ साली, ३६व्या वर्षी तो गेला.

मशेरीचं आईनंच धीर करून विचारलं. डॉक्टर म्हणाले, “आजी, मशेरी सोडाच, तोंडाचा कॅन्सर होतो तिनं. पण हा तिच्यामुळं नाही.” आईनं माझ्याकडे असं बघितलं, जणू कोर्टातून सुटली. तिथून पुढं चुलते आले की ती ताठ बसायची.

ऑपरेशनमध्ये डाग आजूबाजूच्या चांगल्या कातडीसकट काढला, मांडीची कातडी टाचेला लावली, आणि जांघेतली एक गाठ तपासायला घेतली. गाठ स्वच्छ निघाली. टाचेपेक्षा मांडीच जास्त चुरचुरायची, असं ती अजून सांगते. तपासणीला ठरल्या वेळी जातो. डॉक्टर पाय बघतात, जांघ चाचपतात, मग सगळं अंग. माझं नि भावाचंही अंग एकदा बघून घ्या म्हणाले. या प्रकारात घराण्याचा धागा तितका ठळक नसला तरी.

भावानं ब्रिस्बेनमध्ये तपासून घेतलं. तिथल्या डॉक्टरांनी पाठ, मान, कानाच्या पाळ्या इंच इंच बघितल्या आणि कपडे घाला म्हणाले. यानं कपडे घातले, मग बूट-मोजे काढून पाय टेबलावर ठेवले.