डोळ्याला वहीची जोड

लग्न झाले, संसार मागे लागला, की आपले शिकणे संपले, असे आपण खेड्यातली माणसे धरून चालतो. पुढचे शिकणे मुलांनी करायचे. रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यात नाना फडणविसांचे वेळास गाव आहे. तिथल्या किनाऱ्यावर मात्र मला थोर माणसे शिकलेली आणि शिकवताना दिसली.

ऑलिव्ह रिडले जातीची समुद्रकासवे हिवाळ्यात रात्री या किनाऱ्यावर येतात. मादी दीडेक फूट खोल खड्डा करते, शंभरच्या आसपास अंडी घालते, वर वाळू लोटते आणि समुद्रात निघून जाते. पिल्लांसाठी ती परत येत नाही. पूर्वी ही अंडी माणसे उकरून नेत. राहिलेली कोल्ही-कुत्री खात. १९७२ चा वन्यजीव कायदा कासवाच्या बाजूने होता, पण रात्री किनाऱ्यावर राखणीला माणूसच लागतो.

चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ साली गावकऱ्यांना हाताशी धरून इथे काम सुरू केले. शिकायला घेतले ते गावातलेच. वाळूवरचा माग पाहून अंडी कुठे पुरली आहेत, हे जाणत्यांना आधीच कळत होते. नवे शिकायचे होते ते त्यापुढचे. अंडी वेळेवर हलवायची, पण उलटीपालटी करायची नाहीत. नाहीतर आतला जीव मरतो. कुंपणाच्या आत मूळ खड्ड्याइतकाच खोल खड्डा घ्यायचा. अंडी मोजून तारखेसह वहीत मांडायची. साधारण ४५ ते ६० दिवसांनी पिल्ले वर येतात. वाळू जास्त तापली तर माद्या अधिक निपजतात, थंड राहिली तर नर. पिल्ले उजेडाकडे धावतात, म्हणून पाहुण्यांना हातातली बॅटरी विझवायला लावायची.

हे शेवटचे काम मला फार मोलाचे वाटते. कासव महोत्सवाला शहरातली शिकलीसवरलेली माणसे येतात, गावातल्या घरी उतरतात, घरधनिणीच्या हातचे जेवतात. त्यातून घराला चार पैसे मिळतात. आणि किनाऱ्यावर ती माणसे गावकऱ्याचे निमूटपणे ऐकून घेतात.

आपल्या गावाला समुद्र नसेल. पण २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे गावोगावी जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकांची जैवविविधता नोंदवही असायला हवी. ती बाहेरच्या माणसाने दोन दिवसांत भरली, तर झाडांची नावे तेवढी येतील. कोणत्या ओढ्याला चैत्रातही पाणी असते, सुगरण कोणत्या बाभळीवर घरटी बांधते, पहिल्या पावसानंतर कोणती रानभाजी कोणत्या बांधावर उगवते, हे त्यात येणार नाही. हे म्हाताऱ्याकोताऱ्यांना ठाऊक आहे, आणि त्यांच्याबरोबर ते जाऊ लागले आहे.

तेव्हा येत्या ग्रामसभेत विचारा, आपली नोंदवही कुठे आहे, कोणी भरली. मग गावातले चारसहा बायाबापडे निवडा. लिहिता येणारा एक पुरे. जाणत्या वनरक्षकाला किंवा कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्राच्या मास्तरांना महिन्यातून एकदा बोलवा, आणि शिवारात हिंडून नोंदी कशा करायच्या ते शिकून घ्या. पाहणारे डोळे आपल्याकडे आहेतच. त्यांना वहीची जोड द्यायला पन्नाशी उलटली तरी उशीर झालेला नसतो.