लांब डिकीची गाडी

चौऱ्याहत्तराव्या वर्षी माणसाने गाडी घ्यावी का, आणि तीही एकवीस-बावीस वर्षांची जुनी? हा प्रश्न गेले दोन महिने आमच्या घरात रोज चहाबरोबर येतोय. मुलगा पुण्याहून फोनवर विचारतो, "बाबा, तुम्हाला हे आत्ताच का सुचलं?" नातेवाइकांपैकी बरेच जण हे वाचतात, म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून टाकतो. प्रत्येकाला वेगळं उत्तर द्यायला नको.

दोन वर्षांपूर्वी सौ.ला अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू अधू झाली. देवाच्या दयेने बोलणं शाबूत राहिलं (आमच्या घरात ते जाणं शक्यच नव्हतं म्हणा!). घरात ती काठीने चार पावलं टाकते, बाहेर मात्र चाकाची खुर्ची लागते. तिचं माहेर महाड तालुक्यात, पनवेलपासून सव्वाशे-एक किलोमीटरवर. तिथे तिचा थोरला भाऊ आहे, वय शहाऐंशी. तो इकडे येऊ शकत नाही, ही तिकडे जाऊ शकत नाही. फोनवर दोघांनाही नीट ऐकू येत नाही. दोन वर्षांत बहीण-भावाची भेट नाही.

एसटीने जा, असं कुणी म्हणेल. २०२२ च्या ऑगस्टपासून पंचाहत्तरी पार केलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे. म्हणजे मला अजून एक वर्ष थांबायचं, हिला अर्धं तिकीट. पण सवलत तिकिटाला आहे, एसटीच्या पहिल्या पायरीला नाही. ती पायरी पूर्वीइतकीच उंच आहे.

भाड्याच्या गाड्याही करून पाहिल्या. आता बहुतेक टॅक्सींच्या डिकीत सीएनजीचं सिलिंडर बसलेलं असतं. घडीची खुर्ची त्यात मावत नाही. एकदा ती टपावर दोरीने बांधली आणि कर्नाळ्यापर्यंत दोघांचंही लक्ष रस्त्यापेक्षा टपावर! एकदा ड्रायव्हरने खुर्ची पाहिली आणि फेरीच रद्द केली.

अशात खांदा कॉलनीतल्या एका निवृत्त गृहस्थांची गाडी विकायची आहे असं कळलं. मारुती सुझुकीची बलेनो अल्टुरा, २००४ सालची. आजच्या मुलांना बलेनो म्हटलं की २०१५ साली आलेली आखूड गाडी आठवते. ही तिच्या आधीची, त्याच नावाची. पुढून नेहमीच्या मोटारीसारखी, पण छप्पर थेट मागच्या टोकापर्यंत गेलेलं आणि मागे वर उघडणारा दरवाजा. परदेशात हिला एस्टेट किंवा स्टेशन वॅगन म्हणतात. तिकडे कुटुंब, सामान, कुत्रा सगळं एका गाडीत घालून सुट्टीला निघायची पद्धत, त्यातून हा आकार रुजला.

आपल्याकडे तो रुजला नाही. टाटांनी १९९२ च्या सुमारास 'एस्टेट' नावाचीच गाडी आणली होती, तीही फार चालली नाही. आपल्याला वेगळी डिकी दिसली की गाडी 'मोठ्या माणसाची' वाटते. छप्पर मागेपर्यंत गेलं की लोक म्हणतात, ही तर टेम्पोसारखी. पुढे २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा आखूड, लहान इंजिनाच्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आलं. मग लांब गाडी स्वस्तात विकणं अवघडच झालं. २०१५ ची बलेनो ३,९९५ मिलिमीटर लांब का, हे कोडं मला हे वाचल्यावर सुटलं. पाच मिलिमीटर सरकारसाठी सोडलेत!

तर ही गाडी पाहायला गेलो. मागचं दार उघडलं, खुर्ची आणली होती ती उभीच्या उभी ढकलली, आणि वर दोन बॅगा बसतील एवढी जागा उरली. माझा जीव तिथेच जडला. मालक नव्वद हजार म्हणत होते.

आमचा गॅरेजवाला माझाच जुना विद्यार्थी. गणितात कच्चा, पण इंजिनाचा आवाज ऐकून दुखणं सांगतो. त्याने गाडीखाली झोपून पत्रा ठोकून पाहिला. म्हणाला, "सर, इंजिन सोळाशे सीसीचं आहे, दणकट आहे. गंजही फार नाही. पण मागचं दार, त्याची काच, मागचे दिवे हे फक्त ह्याच गाडीचं. कुणी मागून ठोकलं तर मी कुठून आणणार?" दुसरी शंका पेट्रोलची. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. एवढ्या जुन्या गाडीचे रबरी पाइप आणि सील त्यासाठी बनलेले नाहीत. ते बदलावे लागतील.

कागदपत्रांचंही गणित मांडलं. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, नंतर दर पाच वर्षांनी पासिंग आणि सोबत पर्यावरण कर. ह्या गाडीचं पासिंग २०२९ पर्यंत आहे. वीस वर्षांपुढच्या मोटारींच्या नूतनीकरणाची फी २०२५ साली दहा हजार झाली. गंमत म्हणजे माझं लायसन्सही आता पाच-पाच वर्षांनीच वाढतं, डॉक्टरांचा दाखला जोडून. म्हणजे मी आणि गाडी, दोघंही पाच वर्षांच्या बोलीवर.

एवढं असूनही मी घेण्याकडेच झुकलो होतो. नव्वद हजारात एवढी जागा कोण देतं?

मालक भले. म्हणाले, वहिनींना बसवून तर बघा. त्यांनी गाडी आमच्या दाराशी आणली. खुर्ची गाडीला लावली, हिला पुढच्या सीटवर सरकवलं. बसताना बसली. उठताना मात्र उजव्या पायावर सगळा भार घेऊनही अंग उचलेना. सीट खुर्चीपेक्षा चांगली चार-पाच बोटं खाली. शेवटी मी आणि शेजारचा मुलगा, दोघांनी मिळून उठवलं. 'अल्टुरा' या शब्दाचा स्पॅनिश अर्थ म्हणे 'उंची'!

मालक गेल्यावर ती शांतपणे म्हणाली, "अहो, गाडी खुर्चीला छान आहे. मला काय?"

दोन महिने मी डिकी मोजत होतो. माणूस कुणी मोजलाच नव्हता, कारण गाडीत न मावणारी वस्तू खुर्ची होती. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांची वॅगन आर मागितली. तीही मूळची जपानीच, १९९९ च्या डिसेंबरात इकडे आली. कुणी तिला डबा म्हणो, पण उंच डबा आहे. तिची सीट खुर्चीच्या बरोबरीने, किंचित वरच. ही सरकत आत गेली आणि सरकतच बाहेर आली, एकट्या माझ्या हाताने. मागची सीट पाडली की खुर्ची आडवी बसते.

तेव्हा निर्णय असा. अल्टुरा घ्यायची नाही. २०१९ च्या जानेवारीत आलेल्या नव्या बांध्याची जुनी वॅगन आर शोधायची, फक्त पेट्रोलवरची. सीएनजीची घेतली तर सिलिंडर पुन्हा खुर्चीच्या जागेवर. नव्वद हजारांऐवजी काही लाख जातील, त्यासाठी एक मुदतठेव मोडू. ती म्हातारपणासाठीच ठेवली होती आणि म्हातारपण येऊन बसलंच आहे. गावातल्या गावात मी चालवेन. महाडला दिवसाचा ड्रायव्हर करून, उजेडात जाऊन उजेडात परत. हा मुलाचा आग्रह, आणि तो मला मान्य आहे.

कुणाच्या पाहण्यात अशी एकहाती वापरलेली गाडी असेल तर जरूर कळवा. रंग कुठलाही चालेल. हिच्या भावाला निरोप गेलाय. त्याने एवढंच विचारलं म्हणे, "येताना राहायला येणार ना?"