विमानाला वारस

मध्यमवर्गीय माणूस वस्तू घेताना वस्तूचा विचार थोडा करतो आणि दुकानाचा फार. दादर ज्वारी चांगली की वाईट, हे दाणा चावला की कळतं. पण ती आडत्याकडून घ्यावी की थेट शेतकऱ्याच्या खळ्यावरून उचलावी, यावर आमच्या नरडाण्यात आठवडाभर चर्चा चालते. तशीच चर्चा आमच्या घरात नुकतीच झाली. फरक इतकाच, की घ्यायचं होतं विमान!

घाबरू नका. बँकेतल्या कारकुनाला विमान परवडायला लागलं, तर पहिली चौकशी त्याचीच लागेल. हे विमान कॉम्प्युटरवरचं. नरडाण्याला सुरत-भुसावळ रेल्वे आहे, मुंबई-आग्रा रस्ता आहे. विमान तेवढं डोक्यावरून जातं. त्यातून शिरपूरला वैमानिक घडवणारी संस्था निघाली आणि आमच्या दहावीतल्या कन्येने 'मी पायलट होणार' असं जाहीर केलं. फीचा आकडा ऐकून मी पाणी मागितलं आणि म्हणालो, "बेटा, आधी टेबलावर उडवून बघ."

टेबलावर उडवायचं म्हणजे 'एक्स-प्लेन'. ऑस्टिन मेयर नावाच्या अमेरिकन गृहस्थाच्या लॅमिनार रिसर्च कंपनीचं. बारावी आवृत्ती डिसेंबर २०२२ मध्ये पूर्ण झाली. ते दोन ठिकाणी मिळतं. एक, 'स्टीम' नावाच्या दुकानात. हे दुकान व्हॉल्व्ह कंपनीने २००३ साली थाटलं. दुसरं, थेट कंपनीकडून. विमान तेच, पंख तेवढेच.

पुण्याचा पुतण्या स्टीमचा वकील. "काका, तिथे किंमत रुपयांत. सेल लागतात. नवी सुधारणा आपोआप येते. आणि चौदा दिवसांच्या आत, दोन तासांपेक्षा कमी वापरलं असेल, तर पैसे परत!" मी सर्द झालो. आमच्याकडे घडी मोडलेला टॉवेलसुद्धा कोणी परत घेत नाही.

थेट कंपनीकडे मामला डॉलरचा. कार्डावर रूपांतराचं शुल्क बसतं ते वेगळं. ते कसं बसतं हे गिऱ्हाइकांना समजावून माझी अर्धी नोकरी गेली. पण कंपनी आधी फुकट नमुना देते. तो उतरवून घ्यायचा, आवडला तर पैसे भरून मेलवर आलेली किल्ली घालायची. नमुन्याचंच पूर्ण विमान होतं. शिवाय जगाच्या नकाशावर चौकोन निवडून हवा तेवढाच मुलूख उतरवता येतो. आमच्या इंटरनेटची चाल पॅसेंजर गाडीची. आधी खान्देश उतरवू, युरोप पुढच्या दिवाळीला.

एक गोष्ट मात्र आधीच ठरवावी लागते. स्टीमची खरेदी थेट आवृत्तीला चालत नाही. एका बँकेचं चेकबुक दुसऱ्या बँकेत चालत नाही, तसंच हे.

शेजारचे आप्पा हे सगळं ऐकून म्हणाले, "हाई काय शे भाऊ? इमान दिसत नही, नि किल्ली येस मेलवर!"

तरी माझं पारडं स्टीमकडे झुकत होतं. पण मी पडलो बँकेचा माणूस. अटी वाचल्याशिवाय मला झोप येत नाही. स्टीमचं खातं दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही, आणि २०२४ मध्ये त्यांनी एका विचारणाऱ्याला कळवलं, की मृत्युपत्रानेही नाही! मी उठून बसलो. १ नोव्हेंबर २०२५ पासून आमच्या बँकेत एका खात्याला चार-चार वारस लावता येतात. मी दिवसभर लोकांच्या मागे लागून तो रकाना भरून घेतो. आणि माझ्या विमानाला एकही वारस नाही?

कंपनीची किल्लीही शेवटी परवानाच. सातबाऱ्यावर कुणाचंच नाव लागत नाही. ऑक्टोबर २०२४ पासून तर स्टीम पैसे भरतानाच बजावतं, की तुम्ही घेताय तो परवाना आहे. म्हणजे दुकान कुठलंही असो, आपण भाडेकरू. मग खरा प्रश्न दुकानाचा नव्हेच; भाडेपावती कुणाच्या नावाची, हा आहे. उद्या मुलगी शिकायला बाहेर जाईल. माझ्या खात्यात अडकलेलं विमान तिला तिथे दर वेळी माझा पासवर्ड मागत बसेल, आणि मी काय कायमचा काउंटरवर बसणार आहे?

मी निकाल दिला. थेट कंपनीकडून घ्यायचं, कन्येच्या मेलवर आणि तिच्याच नावाने. पिन कुठेही लिहू नका म्हणून जन्मभर लोकांना सांगत आलो. ही किल्ली मात्र तिला वहीत लिहून ठेवायला लावली.

सौ. इतका वेळ शेंगा सोलत ऐकत होती. म्हणाली, "अहो, विमान तिच्या नावावर झालं. डॉलर कुणाच्या नावावर?"

ते खातं जुनंच आहे.