मसुद्यातलं तिसरं कलम

मु. कसारा, ता. शहापूर

चि. समीर यास,

तुझं पत्र आणि सोबतचा मसुदा मिळाला. शहापूर-मुरबाडच्या शेतकऱ्यांच्या वतीने आमदारांना द्यायच्या निवेदनावर तू माझी सही मागितली आहेस. पीकसंरक्षणाच्या परवान्याचे अर्ज वेळेत निकाली काढा, रानडुकरांनी केलेल्या नुकसानीचे पंचनामे लगेच करा, या मागण्यांवर मी आनंदाने सही करीन. पण तिसऱ्या कलमात तू लिहिलं आहेस की ग्रामीण भागातल्या परवानाधारकांना शस्त्र उघडपणे, दिसेल असं बाळगण्याची मुभा राज्य सरकारने कायदा करून द्यावी. त्या कलमासकट मी सही करणार नाही. तू वकिली शिकलेला, नुसता नकार तुला पटायचा नाही, म्हणून कारणं सविस्तर लिहितो.

आधी कायदा. शस्त्रं आणि दारूगोळा हा विषय संविधानाच्या सातव्या अनुसूचीत केंद्राच्या सूचीत आहे, पाचव्या क्रमांकावर. विधिमंडळाने मनात आणलं तरी ही मुभा मुंबईतून मिळणार नाही. शस्त्र अधिनियम १९५९चा, त्याखालचे सध्याचे नियम २०१६चे, दोन्ही केंद्राचे. त्यातला ३२वा नियम नेमका तुझ्या कलमाच्या आड येतो. सार्वजनिक जागी पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर न्यायचं तर ते अंगावरच्या होल्स्टरमध्ये किंवा पाठपिशवीत. लांब नळीची बंदूक असेल तर तिच्यासाठी केलेल्या खोळीत. शस्त्र पूर्ण झाकलेलं हवं आणि नेणाऱ्याच्या ताब्यात हवं. चारचौघांत शस्त्र परजायला किंवा बार काढायला सक्त मनाई आहे, आणि नियम मोडला तर परवाना जाऊ शकतो. २०१९च्या दुरुस्तीने वरातीत, मिरवणुकीत आनंदाच्या भरात केलेल्या बेफिकीर गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी वेगळी शिक्षाच ठेवली. राज्याच्या हाती जे आहे तेही थोडं नाही. परवाना कोणाला द्यायचा, कोणाचा काढून घ्यायचा, अपिलात काय ठरवायचं, महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या ३७व्या कलमाखाली कुठे किती दिवस शस्त्रबंदी लावायची, हे सगळं इथेच ठरतं. शस्त्रांचं राजकारण खरं तिथे चालतं, आणि तुझा मसुदा नेमका तिथेच गप्प आहे.

आता तुझी कारणं. पहिलं अंतराचं. डोळखांबच्या किंवा टोकावड्याच्या वरच्या पाड्यांवर मदत पोहोचायला वेळ लागतो, तेव्हा माणसाकडे शस्त्र हाताशी हवं, असं तू म्हणतोस. अंतर खरं आहे, त्याबद्दल मी वाद घालणार नाही. पण ३२वा नियम शस्त्र घरी ठेवायला सांगतच नाही. परवान्याचं पिस्तूल कमरेलाच राहतं, फक्त सदऱ्याखाली. शेतातल्या बंदुकीचा तर प्रश्नच वेगळा. हा नियम सार्वजनिक जागेपुरता आहे. स्वतःच्या वरई-नाचणीच्या राखणीला माळ्यावर रात्र काढणाऱ्याने ठासणीची बंदूक खोळीत घालून बसावं, असं तो म्हणत नाही. उलट १९५९च्या कायद्याने या माणसाचा मुद्दाम विचार केला आहे. पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक, किंवा संरक्षणासाठी किमान वीस इंच नळीची साधी, बिनआट्यांची बंदूक मागणाऱ्या नागरिकाला, नकाराची कायदेशीर कारणं नसतील तर परवाना द्यावाच, असं १३वं कलम सांगतं. पुरेशी मालमत्ता नाही एवढ्यावरून अर्ज फेटाळता येणार नाही, असं १४व्या कलमात आहे. गरीब शेतकऱ्याच्या हातात देण्यासारखी याहून चांगली तरतूद कुठली? तुझ्या पहिल्या कलमात या दोन कलमांचे आकडेसुद्धा नाहीत, ते घाल. एकूण काय, शस्त्र झाकल्याने संरक्षणातलं काही कमी होत नाही. कमी होतं ते फक्त त्याचं दिसणं. तेव्हा तिसरं कलम मागतं ते शस्त्र दिसू देण्याचा हक्क, आणि मग विचारायला हवं की ते दिसायला हवं आहे कोणाला.

चोराला, असं तुझं उत्तर आहे. उघडं पिस्तूल पाहून चोर वाट बदलेल, हे क्वचित घडेलही. पण चोराला दिसायच्या आधी ते बाजारात, कसारा लोकलच्या डब्यात, तलाठी कार्यालयात आणि ग्रामसभेत शेकडो सरळ माणसांना दिसेल. माझा सगळा आक्षेप या ग्रामसभेपाशी येऊन थांबतो. शहापूर तालुका पूर्ण अनुसूचित क्षेत्रात आहे, मुरबाडचा काही भागही. अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींसाठीच्या पेसा कायद्याने इथल्या ग्रामसभेला गौण खनिज, गौण वनोपज, जमिनीचं संपादन अशा विषयांत जो अधिकार दिला तो राज्यातल्या इतर बहुतेक गावांकडे नाही. भातसा, तानसा, वैतरणाचं पाणी मुंबईला जातं ते याच मुलखातून. जून २०२५मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला तोही इथूनच. म्हणजे आमच्या सभांत आता पैशाचे मोठे प्रश्न येणार. तिथे निर्णय बहुधा हात वर करून होतो. कोणाचा हात वर गेला ते सगळ्यांना दिसतं. त्या सभेत एकाच्या कमरेला पिस्तूल दिसत असेल तर त्याला ते बाहेर काढावं लागत नाही, धमकीही द्यावी लागत नाही. ज्या विधवेची दोन एकर जमीन ठरावात अडकली आहे ती उठून बोलायच्या आधी विचार करील, आणि बहुतेक वेळा बोलणार नाही. ती गप्प राहिली हे कुठल्याही इतिवृत्तात नोंदलं जाणार नाही, त्यावर गुन्हाही दाखल होणार नाही. संविधानाने एकत्र जमण्याचा हक्क दिला तो शांततेने आणि विनाशस्त्र जमण्याचा. ही अट सगळ्यांना बोलता यावं म्हणून आहे, असं मी समजतो.

हे मी कल्पनेने लिहीत नाही. आपल्याच जिल्ह्यात, २ फेब्रुवारी २०२४च्या रात्री, उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात वरिष्ठ निरीक्षकांच्या दालनात गोळीबार झाला. भाजपचे तेव्हाचे कल्याण पूर्वचे आमदार गणपत गायकवाड यांना शिवसेनेच्या शिंदे गटाचे तेव्हाचे शहरप्रमुख महेश गायकवाड यांच्यावर गोळ्या झाडल्याच्या आरोपावरून अटक झाली. मुळात वाद द्वारली गावच्या जमिनीचा होता. दोषी कोण ते न्यायालय ठरवील. पण जमिनीची तक्रार घेऊन दोन राजकीय पुढारी पोलीस ठाण्यात येतात आणि तिथे शस्त्र निघतं, एवढं निर्विवाद आहे. लगेच सहा दिवसांनी, ८ फेब्रुवारीला, दहिसरमध्ये माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांची हत्या झाली ती मारेकऱ्याच्या अंगरक्षकाच्या नावावर परवाना असलेल्या पिस्तुलाने. दोन्हीकडे चर्चा झाली ती बेकायदा कट्ट्यांची नव्हती. तुझं तिसरं कलम मात्र परवाना हीच चारित्र्याची खूण धरून चाललं आहे.

बीडचं उदाहरण मला सगळ्यांत बोलकं वाटतं. मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचं ९ डिसेंबर २०२४ रोजी अपहरण करून खून झाला. तो बंदुकीने झाला नव्हता, मारहाणीने झाला. तरीही त्यानंतर लोक बोलायला लागले ते कमरेला पिस्तूल लावून फिरणाऱ्यांबद्दल, हवेत बार काढतानाच्या चित्रफितींबद्दल. सामाजिक कार्यकर्त्या अंजली दमानिया यांनी आकडे मांडले: बीडमध्ये १,२२२ परवाने, अमरावती ग्रामीणमध्ये २४३, परभणीत ३२. बीडला परभणीच्या जवळजवळ अडतीस पट धोका होता, असं कोणी म्हणणार नाही. मग प्रशासनाने परवान्यांची छाननी केली आणि शेकड्यांनी परवाने रद्द केले. ते काही महिन्यांत रद्द होऊ शकत होते, तर दिले कसे गेले होते? आणि परवाने देण्याची वाट फक्त जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावरून जात नाही. पुणे पोलिसांनी नाकारलेला एक परवाना गृहराज्यमंत्री योगेश कदम यांनी अपिलात मंजूर केला, आणि अर्जदाराचे कुटुंबीय कोण हे कळल्यावर ऑक्टोबर २०२५मध्ये त्यावरून वादळ उठलं. अर्जदार न्यायालयातून निर्दोष सुटला होता, असं मंत्र्यांचं म्हणणं. ते कायद्याच्या दृष्टीने तपासून बघता येईल. पण एका माणसाच्या शस्त्राचा निर्णय मंत्रालयापर्यंत जातो आणि गावाला त्याचा पत्ता नसतो, ही व्यवस्था तशीच ठेवून वर शस्त्र उघडं न्यायची मुभा मागणं मला धोक्याचं वाटतं. तुझ्या मनातला परवानाधारक धसईचा शेतकरी आहे. मुभा मिळाली तर ती आधी वापरतील ते पुढाऱ्यांच्या मागेपुढे चालणारे.

तुझ्या पत्रातला सगळ्यांत वजनदार मुद्दा इतिहासाचा आहे. झाकलेल्या आणि परवान्याच्या शस्त्राची ही पद्धत इंग्रजांनी आपल्याला नि:शस्त्र करायला आणली, असं तू म्हणतोस. १८७८चा लिटनच्या काळातला शस्त्र कायदा अपमानकारकच होता: हिंदी माणसाला परवान्याची सक्ती, युरोपियनांना सूट. काँग्रेसने त्याविरुद्ध सुरुवातीपासून ठराव केले, १९३१च्या कराची ठरावात शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घातला. पण तो ठराव पुन्हा वाच. त्यातसुद्धा हा हक्क नियमांना धरूनच मागितला आहे. पुढे १९४८च्या डिसेंबरात घटना समितीत ह. वि. कामतांनी हा हक्क संविधानात घालण्याची दुरुस्ती मांडली, डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला आणि ती फेटाळली गेली. ज्यांनी इंग्रजांचा कायदा सोसला होता त्यांनीच विचार करून हे ठरवलं. त्यांना खुपत होता तो भेदभाव, आणि तो १९५९च्या कायद्याने काढला. तू सिद्धगडाचंही नाव घेतलंस. भाई कोतवाल आणि हिराजी पाटील २ जानेवारी १९४३ला आपल्या मुरबाडच्या त्या डोंगरात पडले, त्यांच्या आझाद दस्त्याकडे शस्त्रं होती. त्यांच्याबद्दल माझ्या मनात जे आहे ते तुला सांगायला नको. पण ते ज्या सत्तेशी लढले तिला इथल्या माणसाने मत दिलेलं नव्हतं, आणि त्यांची शस्त्रं स्वतःच्या गावकऱ्यांना दाखवायला नव्हती. वकिलीची सनद असलेला तो माणूस आधी शेतकऱ्यांसाठी धान्यकोठी काढतो, शाळा काढतो. त्याचं नाव कमरेला पिस्तूल मिरवण्याच्या बाजूने घेऊ नकोस, एवढी माझी विनंती.

अमेरिकेचा दाखला तू टेक्सासचा दिलास. तिथे १ जानेवारी २०१६पासून परवानाधारकांना पिस्तूल उघडं नेता येतं, सप्टेंबर २०२१पासून बहुतेक प्रौढांना परवानाही लागत नाही. पण त्याच देशात कॅलिफोर्नियाने १९६७मध्ये भरलेली बंदूक उघडपणे नेण्यावर बंदी घातली. ओकलंडमधले ब्लॅक पँथर पक्षाचे कृष्णवर्णीय तरुण बंदुका घेऊन पोलिसांच्या गाड्यांच्या मागे गस्त घालू लागले होते, २ मे रोजी ते सशस्त्र राज्याच्या विधान भवनात शिरले, आणि त्याच उन्हाळ्यात रिपब्लिकन गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी बंदीवर सही केली. आज उघड्या शस्त्राचा कैवार घेणाराही तोच पक्ष. बंदूक कोणाच्या हातात आहे हे पाहून कायदा वळला, लिटनच्या काळात वळला होता तसाच. तिथलाच एक अभ्यास आहे: जानेवारी २०२० ते जून २०२१ या काळातल्या तीस हजारांहून अधिक निदर्शनांपैकी ज्या ५६० ठिकाणी शस्त्रं होती, तिथे दर सहांतलं एक निदर्शन हिंसक किंवा विध्वंसक झालं, शस्त्रं नव्हती तिथे दर ३७ मध्ये एक. जिथे आधीच तंटा आहे तिथेच लोक शस्त्रं नेतात, असं तू म्हणू शकतोस, आणि सगळा फरक बंदुकीमुळेच पडला असं मीही म्हणणार नाही. पण उघड्या शस्त्राने शांतता राहते, हा दावा तरी या आकड्यांतून निघत नाही.

कातकरी आणि ठाकूर बांधव कमरेच्या आकडीत कोयता लावून फिरतात, त्याला कोणी घाबरत नाही, हे तुझं म्हणणं बरोबर आहे. त्या कोयत्याने लाकूड तोडतात, वाट साफ करतात, आणि तो पाड्यावर सगळ्यांकडे असतो. ज्याच्याकडे आहे आणि ज्याच्याकडे नाही असे दोन वर्ग त्याने पडत नाहीत. उलट ३७व्या कलमाच्या बंदीत काठी-कोयत्याचा माणूस चटकन सापडतो आणि पुढाऱ्याचा अंगरक्षक सुटतो, अशी तक्रार निवेदनात आणायची असेल तर ती जरूर आण.

तर तिसरं कलम काढ आणि त्या जागी हे लिही. ठाणे ग्रामीणमधल्या शस्त्र परवान्यांची तालुकावार संख्या, परवाने कुठल्या कारणाने दिले आणि अपिलात किती मंजूर झाले, हे दर वर्षी जाहीर करावं. नावं नकोत, आकडे पुरेत. ३२व्या नियमाचा भंग झाला तर परवाना रद्द करण्याची कारवाई व्हावी, आणि ती अंगरक्षकांपासून सुरू व्हावी. ग्रामसभेच्या दिवशी सभेच्या जागी कोणीही शस्त्र आणू नये असा आदेश जिल्हाधिकाऱ्यांनी काढावा, निवडणुकीत शस्त्रं जमा करून घेताना लावतात तेवढ्याच कडकपणे. पीकसंरक्षणाच्या अर्जाला कलम १३ आणि १४चा आधार स्पष्ट दे. असा मसुदा पाठवलास तर मी सही तर करीनच, शिवाय इथल्या आणि खर्डीच्या ओळखीच्या शेतकऱ्यांकडेही घेऊन जाईन. वाशाळ्याच्या बाजूच्या पाड्यांवर कोणी जाणार असेल तर त्यांना आधी हा बदल समजावून सांग, कारण जुना मसुदा काही जणांनी वाचला आहे.

ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा