दारात न येणारा हत्ती

पाण्याशी माझा जन्मभराचा संबंध म्हणजे नळाला पाणी येण्याची वेळ. सकाळी साडेपाच ते सहा. त्यापलीकडे जे पाणी आहे, म्हणजे समुद्र वगैरे, ते काठावर बसून बघण्यासाठी असतं अशी माझी समजूत आहे. लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून कोकणबोटीनं आजोळी जाताना, बोटीतून पडावात उतरण्याआधीच, मी शेजारच्या अनोळखी गृहस्थांच्या स्वच्छ धोतरावर जे काही केलं, त्यानंतर आमच्या वडिलांनी एस.टी.चा रस्ता धरला तो कायमचा.

अशा माणसाला वश्याचा फोन आला.

"मी यॉट घेतोय."

माझा डावा कान हल्ली निवृत्तीवेतन घेतो. मला 'खाट' ऐकू आलं.

"घे की. सागवानी घे. लोखंडी कुरकुरते."

"सागवानीच आहे. निदान वरचा भाग तरी."

"लांबी बघून घे. तुझे पाय बाहेर येतात."

"पन्नास फूट आहे."

इथे मी फोन उजव्या कानाला लावला.

वश्या आणि मी गिरगावातल्या एकाच चाळीतले. रविवारी बसचे पैसे वाचवून आम्ही गेटवेपर्यंत चालत जायचो आणि वाचलेल्या पैशांचे चणे घेऊन कठड्यावर बसायचो. समोर साहेबी थाटाच्या पांढऱ्या बोटी डुलत असायच्या. वश्या त्यांतली एक निवडायचा. "ती माझी." मग मला म्हणायचा, "तू पण घे एक." मी कधीच घेतली नाही. पुढे मी बँकेत लागलो आणि वश्यानं भोसरीला रबरी वॉशरांचा कारखाना काढला. महाराष्ट्रातले कितीतरी नळ गळत नाहीत ते वश्यामुळे. दोन वर्षांपूर्वी त्यानं तो कारखाना विकला. त्याच्या आदल्या वर्षी वहिनी गेल्या होत्या. दोन्ही मुलं अमेरिकेत. घर मोठं, आणि त्यात वश्या एकटा.

"पण मला कशाला बोलावतोस?" मी विचारलं. "मला बोटीतलं ओ का ठो कळत नाही."

"बोटीतलं कळणारे पुष्कळ आहेत. पण सगळे 'हो सर' म्हणतात. मला एक 'नाही' म्हणणारा माणूस पाहिजे."

हे मात्र खरं. अडतीस वर्षांपैकी तीस वर्षं मी कर्ज खात्यात काढली. 'नाही' म्हणण्याचाच मला पगार मिळायचा.

जाण्याआधी मी वाचनालयात बसून अभ्यास केला. यॉट हा शब्द मूळचा डच निघाला. अर्थ शिकार, पाठलाग. डच लोक असल्या चपळ बोटी शत्रूच्या मागे लावत. १६६० साली अ‍ॅमस्टरडॅम शहरानं इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्स राजाला 'मेरी' नावाची यॉट भेट दिली आणि तेव्हापासून ही शिकार मौजेच्या मागे लागली. गंमत पुढेच आहे. फुकट मिळालेल्या मेरीवर राजाचं समाधान वर्षभरही टिकलं नाही. १६६१ साली त्यानं 'कॅथरीन' नावाची दुसरी बांधून घेतली आणि मेरी आरमाराकडे ढकलली. बिचारी १६७५ साली अँगलसीजवळच्या खडकांवर आपटून बुडाली. आपल्या बोटीपेक्षा चार फूट लांब बोट पाहिली की जीव कासावीस होणं हा यॉटवाल्यांचा जुना आजार आहे, आणि पहिला रोगी राजघराण्यातला.

आमच्या सौ.ना हे सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "अहो, आल्याच्या वड्या ठेवल्यात पिशवीत. मळमळलं तर चघळा."

गेटवेवर दलाल हजर होता. पांढरे बूट, काळा चष्मा. यॉट समोर दिसत होती, पण आपण तिच्याकडे नुसतं बघायचं. ती पाण्यात बोयाला बांधलेली. तिच्यापर्यंत जायला छोटी होडी. म्हणजे पुन्हा पडावच! पूर्वी वैभव म्हणजे दारी हत्ती झुलणं. हा हत्ती दारात येतच नाही. आपणच धोतर सावरत त्याच्या दारी जायचं.

यॉटचं नाव होतं 'लिक्विड अ‍ॅसेट'. इतकी वर्षं बँकेत काढून हा शब्द मी इतक्या शब्दशः पाण्यात पडलेला पाहिला नव्हता. आत तीन शयनगृहं, सोफे, फ्रिज, वातानुकूलन. वश्याचे डोळे चण्याच्या पुडीच्या काळातले झाले.

"सर, धिस इज अ लाइफस्टाइल," दलाल म्हणाला.

"पाणी किती वेळ येतं?" मी विचारलं.

दलालानं चष्मा काढला.

आता मला बोटीतलं काही येत नव्हतं, म्हणून मी ब्लॉक घेताना विचारतात तेच विचारत गेलो. पाण्याची टाकी केवढी? सहाशे लिटर. संडासाचं कुठे जातं? त्याची वेगळी टाकी आहे, ती रिकामी करावी लागते. दर महिन्याचा मेंटेनन्स? दलाल समुद्राकडे बघू लागला. अ‍ॅव्हरेज काय देते? इंजिनं दोन, वेगानं नेली तर तासाला दोनशे लिटर डिझेल. म्हणजे मांडव्याला अर्ध्या तासात पोहोचायला शंभर लिटर, आणि परतायचं असेल तर आणखी शंभर. आधीचे मालक का विकतायत? त्यांना साठ फुटी घ्यायचीय. मी मनात चार्ल्सला नमस्कार केला. शेवटी विचारलं, "आणि पावसाळ्यात?"

"पावसाळ्यात सर, बोट बाहेर काढून ठेवायची."

"म्हणजे ज्या चार महिन्यांत सगळीकडे पाणी असतं, त्या चार महिन्यांत ही कोरड्यावर?"

होडीतून परतताना खलाशी पोऱ्या हळूच मला म्हणाला, "काका, तुम्ही सर्व्हेअर काय?" आयुष्यात इतका मान मला कुणी दिला नव्हता.

खरे सर्व्हेअर पुढच्या आठवड्यात भेटले. बोट खाडीकाठच्या एका यार्डात वर काढली होती. हे गृहस्थ व्यापारी जहाजांवरून निवृत्त झालेले कॅप्टन. वाटलं, आता यंत्रं वगैरे निघतील. त्यांनी खिशातून काढली एक छोटी प्लॅस्टिकची हातोडी, आणि बोटीच्या अंगावर इंच इंच ठोकत, कान लावत ते चालू लागले. ठण, ठण, ठण… भद्द.

मला एकदम आमची आई आठवली. कुंभारवाड्यात माठ घेताना ती अशीच टिचकी मारायची. खणखणीत वाजला तर पक्का, बद्द वाजला तर आत चीर. कॅप्टनसाहेब म्हणाले, "तंतोतंत तेच. फायबरचे थर आतून सुटले की आवाज बसतो." ओल मोजायचं यंत्र मग निघालं, पण ते टिचकीनंतर. पंख्याशेजारी जस्ताचा एक झिजलेला तुकडा होता. खाऱ्या पाण्यात पंख्याचा धातू खाल्ला जाऊ नये म्हणून हा तुकडा मुद्दाम लावतात. आधी तो झिजतो, बाकीचे वाचतात. आपल्याकडे प्रत्येक घरात असा एक थोरला भाऊ असतो. पण बोटीचा दर वर्षी बदलतात.

घरी येऊन मी लग्नपत्रिकेच्या पाकिटामागे हिशेब मांडला. किंमत चार कोटी. सांभाळायचा खर्च दर वर्षाला किंमतीच्या एक दशांश धरावा, असा बोटवाल्यांचा ढोबळ नियम. तांडेल, इंजिनवाला, खलाशी, रंग, विमा, डिझेल मिळून चाळीस लाख. पावसाळा गेला, मुलं येणार डिसेंबरात आठ दिवस, वश्याची कंबर धरली की पंधरा दिवस आणखी गेले. वर्षात सहली होतील वीस. म्हणजे एका सहलीला दोन लाख, आणि डबा आपलाच.

खाली मी सवयीनं लिहिलं: नामंजूर.

वश्यानं पाकीट वाचलं. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "तीन खोल्या आहेत तिच्यात. मी म्हटलं, मुलं येतील, नातवंडं झोपतील."

"तुझ्या घरात पाच खोल्या आहेत," मी म्हणालो. "तिथे किती वेळा झोपली?"

हे वाक्य तोंडातून निघालं आणि मला कळलं की हिशेब बरोबर होता, पण हे बोलायला नको होतं. वश्या उठला. दारात चप्पल घालताना म्हणाला, "जन्मभर लोकांना नाही म्हणालास. एकदा विचार तरी करायचास."

पंधरा दिवस फोन नाही. ह्या पंधरा दिवसांत मला एक जुना कागद सारखा आठवत राहिला. १९८४ साली वश्या कारखान्यासाठी कर्ज मागायला माझ्याच टेबलासमोर बसला होता. कागद बघून मी नाही म्हणालो होतो. त्यानं नंतर दुसरीकडून पैसे उभे केले, कारखाना उभा राहिला, मोठा झाला. त्यावर आम्ही दोघं कधी एक शब्द बोललो नाही. दर दिवाळीला त्याच्याकडून मिठाई यायची आणि दर दिवाळीला मला तिचा पहिला घास जड जायचा.

शेवटी मीच गेलो. आल्याच्या वड्या घेऊन गेलो. म्हटलं, "वश्या, माझं चुकतं कधी कधी. चौऱ्याऐंशी सालीही चुकलं होतं."

"कोण म्हणतं?" वश्या म्हणाला. "कारण काय लिहिलं होतंस आठवतं? 'एकच गिऱ्हाईक. ते गेल्यास काय?' मी घरी जाऊन तुला भरपूर शिव्या दिल्या आणि मग आणखी तीन गिऱ्हाइकं शोधली. पहिलं वर्षभरात बुडालं. तू हो म्हणाला असतास तर मीही बुडालो असतो. म्हणून तर तुला बोलावलं, लेका!"

चाळीस वर्षांच्या मिठाया त्या क्षणी एकदम पचल्या.

"पण ह्या वेळी तुझ्या हिशेबात एक चूक आहे," तो म्हणाला. "वीस सहली लिहिल्यास. त्यात माणसं किती धरलीस?"

"एक. तू."

"दोन. तू नाही का येणार? मग मी हे सगळं कुणासाठी करतोय? तो चाळीतला 'तू पण घे एक' मला पुरा करायचा होता."

आता ह्याला कर्ज खात्यात रकाना नाही.

तोडगा कॅप्टनसाहेबांनी काढला. ते म्हणाले, "मौज करायची तर शिडाची घ्या. वारा फुकट आहे." मग त्यांनी जोशुआ स्लोकमची गोष्ट सांगितली. ह्या माणसाला एका मित्रानं एक मोडकी बोट फुकट दिली. त्यानं ती तेरा महिने स्वतःच्या हातांनी दुरुस्त केली. सामानाला खर्च पाचशे त्रेपन्न डॉलर, बासष्ट सेंट. सेंटसकट! तिथेच हा माणूस मला आपला वाटला. जेमतेम सदतीस फुटांच्या त्या बोटीतून १८९५ ते १८९८ ह्या काळात त्यानं एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा केली, आणि म्हणे त्याला पोहता येत नव्हतं. आपल्या दिलीप दोंदे यांनीही २००९-१० मध्ये एकट्यानं प्रदक्षिणा केली, ती गोव्यात दिवाडीला बांधलेल्या 'म्हादेई'तून. तीही शिडाचीच.

"आम्हाला मांडव्यापर्यंत गेलं तरी पुरे," मी म्हणालो.

फेब्रुवारीत पंचवीस फुटी, जुनी, शिडाची बोट मिळाली. नऊ लाख. आत दोन माणसं झोपतील एवढी जागा, उभं राहिलं की डोकं आपटतं. टिचकी मी स्वतः मारली. ठण! शीड उभारायला एक बावीस वर्षांची मुलगी शिकवायला आली. आमच्या दोघांच्या गुडघेदुखीचं वय तिच्यापेक्षा जास्त भरेल. "काका, दोरी सोडा म्हटलं की सोडायची, विचार नाही करायचा!" असं ती ओरडायची. तीस वर्षं विचार केल्याशिवाय एक पैसा न सोडलेल्या माणसाला हे शिकायला अख्खा मार्च गेला.

पावसाळाभर बोट काठावर ठेवली. नारळी पौर्णिमेला नारळ वाहिला आणि चार दिवसांनी वारा बरा बघून आम्ही पाण्यात उतरलो. जुनं नाव खरवडून वश्यानं नवीन नाव रंगवून घेतलं होतं. मला आधी सांगितलं नव्हतं.

गेटवेचा कठडा मागे पडला. तिथे दोन पोरं चणे खात बसली होती. मी आल्याची वडी तोंडात धरून डोलकाठीला मिठी मारून बसलो होतो. शेजारून प्रवाशांची एक लाँच चालली होती. तिच्यावरचा खलाशी आमच्या बोटीवरची अक्षरं वाचायचा प्रयत्न करत होता. जमेना तेव्हा ओरडला, "ओ शेठ! नाव काय बोटीचं?"

"नामंजूर!" वश्या ओरडला.

खलाशानं आमच्याकडे, मग शिडाकडे पाहिलं.

"मग चाललीये कशी?"