एकाच बरणीतलं लोणचं

घरातल्या यंत्रांचे आवाज बायकांइतके कुणालाच ओळखू येत नाहीत. कुकरची शिटी जरा चोंदली, मिक्सरचा सूर चढला, पंखा कुरकुरायला लागला, की हातातलं काम न सोडता आपले कान टवकारतात. मग लॅपटॉपचा आवाज तरी वेगळा का कळू नये? २०२५च्या एप्रिलमध्ये मी शाळेतल्या मुलांचे वार्षिक परीक्षेचे गुण भरायला बसले आणि आमच्या लॅपटॉपमधून टक्... टक्... टक् असा ठेका सुरू झाला. पडद्यावर काही उमटेना.

हे म्हणाले, "अगं, बंद करून पुन्हा चालू कर. होईल सुरू."

मी बंद केला, पण पुन्हा चालू मात्र करू दिला नाही. आमच्या शाळेतल्या संगणकाच्या बाईंनी एकदा सांगितलेलं चांगलं लक्षात होतं: असा टकटक आवाज आला की वीज बंद करायची आणि हात लावायचा नाही.

मी बी.ए.ला मराठी घेतलेली बाई. पण पुढे या प्रकरणात इतकं ऐकलं, विचारलं, की आता हार्ड डिस्क म्हणजे काय ते शेजारणीलाही समजावून सांगू शकते. आत ग्रामोफोनसारख्या गुळगुळीत, चकचकीत तबकड्या असतात. लॅपटॉपमधल्या बहुतेक डिस्कच्या तबकड्या मिनिटाला ५४०० फेरे घेतात, म्हणजे काठाशी वेग ताशी साठ किलोमीटरच्या पुढे जातो. आपली एस.टी. तरी कुठे याहून फार वेगानं धावते! त्यावर वाचणारं एक चिमुकलं टोक असतं. ग्रामोफोनची सुई तबकडीला टेकते, हे टोक टेकत नाही. मधल्या हवेवर तरंगतं, आणि ते अंतर आपल्या केसाच्या जाडीपेक्षा हजारो पटींनी कमी. चालू लॅपटॉपला धक्का बसला, तो पडला किंवा नुसतं वय झालं, की कधी हे टोक बिघडतं. मग त्याला आपली जागा सापडत नाही, ते मागे येतं, पुन्हा शोधायला जातं. तोच तो टकटक आवाज. अशा वेळी पुन्हा पुन्हा चालू करत राहिलं, तर बिघडलेलं टोक तबकडीवर घासतं, आणि जिथं घासतं तिथला मजकूर कायमचा गेला.

आमचा लॅपटॉप २०१६ साली घेतलेला. त्याचं वय झालंच होतं, त्याबद्दल तक्रार नाही. गुणही कागदावर होते. जीव अडकला होता तो वेगळ्याच गोष्टीत.

सासूबाईंच्या हाताला चव होती, पण लिहून द्यायला त्या कधी तयार झाल्या नाहीत. "लिहून का चव येते?" म्हणायच्या. म्हणून २०१८च्या उन्हाळ्यात, मसाल्यांच्या दिवसांत, मी त्यांच्याजवळ फोन ठेवायची आणि त्या बोलत राहायच्या. कुरडयांचा चीक, आंबोळ्या, काळा मसाला; मध्येच माहेरच्या गोष्टी, मध्येच कुणावर तरी रागावणं. अशा चौदा फाइली लॅपटॉपवर उतरवल्या होत्या. तो फोन पुढे बंद पडला. २०२१ साली सासूबाई गेल्या.

बातमी पसरल्यावर सल्ल्यांना तोटा नव्हता. भाचा म्हणाला, "मामी, डिस्क रात्रभर फ्रीजरमध्ये ठेव." समोरच्या काकू म्हणाल्या, "तांदळाच्या डब्यात पुरून ठेव." फ्रीजरमधून काढलेल्या वस्तूवर दव धरतं हे भाच्याला नसलं तरी आपल्याला माहीत असतं. आणि तांदळानं काय होणार? इथं काही पाणी सांडलं नव्हतं. बाजारपेठेतल्या एका दुकानदारानं तर स्क्रू ड्रायव्हर हातात घेतलाच होता. "पाचशे द्या वहिनी, उघडून बघतो." मी लॅपटॉप परत घेतला. ही डिस्क साध्या खोलीत उघडायची नसते. आपल्याला न दिसणारा धुळीचा कण त्या टोकापुढे धोंड्यासारखा असतो. दुसऱ्या दुकानातला मुलगा शहाणा निघाला. त्यानं डिस्क न उघडता लॅपटॉपमधून सुटी केली, चंदेरी पिशवीत घातली, भोवती फुग्यांचं प्लॅस्टिक गुंडाळलं आणि म्हणाला, "पुण्याला न्या." साताऱ्याहून पुण्यापर्यंत ती पिशवी मी मांडीवर धरून नेली.

तिथं माजघराएवढी एक खोली फक्त धूळ नसण्यासाठी राखलेली होती. मी आधी विचारून घेतलं, तुम्हीही विचारा: तपासणीचे किती, काहीच हाती लागलं नाही तर किती, आणि आमचे फोटो, बँकेचे कागद कोण कोण बघणार? शेवटचं त्यांच्याकडून लिहून घेतलं. खर्च अठरा हजार सांगितला. त्याच जातीची दुसरी डिस्क शोधायची, तिचं टोक काढून आमच्या डिस्कला बसवायचं, आणि सगळ्यात आधी संपूर्ण डिस्कची जशीच्या तशी नक्कल काढायची. फाइली शोधायच्या त्या नकलेतून, मूळ डिस्कला जास्त ताण द्यायचा नाही.

अठरा हजार! अर्धवेळ नोकरीत ही रक्कम काय असते ते सांगायला नको. हे म्हणाले, "पदार्थ तर तुला पाठच आहेत." मी म्हटलं, "पदार्थ पाठ आहेत हो, पण आवाज?" त्यावर हे काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी कामावर जाताना म्हणाले, "मागेपुढे बघू नकोस. भरून टाक पैसे."

तीन आठवड्यांनी फाइली आल्या. चौदापैकी तेरा पूर्ण. आंबोळ्यांच्या फाइलीत सासूबाई मध्येच ह्यांना हाक मारून "चहा घेतलास का रे?" असं विचारतात. ते ऐकून हे उठून गॅलरीत गेले, बराच वेळ आत आले नाहीत. आणि काळ्या मसाल्याची फाइल अर्धीच मिळाली. "आता दगडफूल घालायचं ते–" इथं आवाज तुटतो. पुढचा भाग होता त्या जागी तबकडी खरवडली गेली होती. कुणाचा काही इलाज नाही.

आता सांगा, आपण बायका वर्षाचं लोणचं कधी एकाच बरणीत ठेवतो का? रोजच्या वापराची छोटी बरणी वेगळी, दादरा बांधलेली मोठी वेगळी, आणि एक लेकीच्या घरी गेलेली. एक बरणी नासली तरी दोन शाबूत. फाइलींचंही तसंच. एक प्रत संगणकावर, दुसरी बाहेरच्या डिस्कवर, तिसरी घराबाहेर. बाहेरची डिस्क नक्कल करण्यापुरतीच जोडायची, मग संगणकाला सांगून सोडवायची आणि कपाटात ठेवायची. म्हणजे विजेचा लोळ आला किंवा संगणकात विषाणू शिरला, तरी ती सुरक्षित. अधूनमधून चार फाइली उघडून बघायच्या, बरणीचं झाकण काढून वास घेतो तशा. २०११पासून ३१ मार्च हा जगभर 'बॅकअप दिन' म्हणून पाळतात. आपल्याकडे त्या दिवशी हिशेबाची वर्षअखेर, तेव्हा तारीख लक्षात ठेवायला सोपी.

नव्या लॅपटॉपमधल्या एस.एस.डी.त फिरणारं काही नसतं, त्यामुळे धक्क्याची भीती कमी. पण ती टकटक करून सूचनाही देत नाही, सरळ मुकी होते. आणि तिच्यावरची पुसलेली फाइल बहुधा परत मिळत नाही. जुन्या तबकडीवर मात्र पुसलेलं बराच काळ आत राहतं, पुस्तकातली नुसती अनुक्रमणिका फाडावी तसं. म्हणूनच जुनी डिस्क भंगारवाल्याला तशीच देऊ नका. ह्यांनी आमच्या डिस्कला आधी ड्रिलनं आरपार भोकं पाडली, मग दिली. डोळ्यांवर चश्मा हवा, लॅपटॉपच्या तबकड्या पुष्कळदा काचेच्या असतात.

आमची तिसरी प्रत सांगलीला वन्संकडे असते. दर भाऊबीजेला वन्सं जुनी डिस्क घेऊन येतात आणि नवी घेऊन जातात, असं ठरलं आहे. दगडफुलाचा वाद तेवढा मिटलेला नव्हता. ह्यांच्या मावशी म्हणतात चिमूटभर, वन्सं म्हणतात मूठभर. या भाऊबीजेला वन्संनी पिशवीतून डिस्क काढली आणि तिच्याबरोबर एक कागदाची पुडी. "वहिनी, आई घालायची ते हे एवढं," म्हणाल्या. मी पुडी उघडून आधी काट्यावर ठेवली. अकरा ग्रॅम भरलं.